स्ट्रीमिंग बॉक्स + एचडीएमआय एन्कोडर लावून घरच्या डीव्हीआरमध्ये रेकॉर्डिंग, कोणी करतंय का?

निळा_दिवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घरी एका छोट्या पीसीवर डीव्हीआर (टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा) सर्व्हर चालवतो. अँटेनाचे चॅनल नेटवर्क ट्यूनरमधून येतात, मालिका, सामने, बातम्या सगळं आपोआप रेकॉर्ड होतं, घरातल्या कुठल्याही टीव्हीवर बघता येतं, जाहिराती ओलांडता येतात. मस्त चाललंय. पण आम्ही बघतो त्यातले काही चॅनल आता अँटेनावर येतच नाहीत, फक्त स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये लाईव्ह दिसतात. वर्गणी भरलीये, प्रश्न तो नाही, प्रश्न असा की कार्यक्रम लागतो तेव्हा आम्ही घरात नसतो आणि अ‍ॅपमध्ये मागे जायची सोय एखाद्या चॅनलला आहे, एखाद्याला नाही. शिवाय आईला अर्धे कार्यक्रम इथे अर्धे तिथे असं शोधायला लावणं मला पटत नाही, तिला एकच यादी पाहिजे आणि एकच रिमोट.

तर असं वाचलं की स्ट्रीमिंग बॉक्सचं एचडीएमआय आउटपुट टीव्हीला न देता एन्कोडरला द्यायचं, एन्कोडर त्याचा नेटवर्क स्ट्रीम बनवतो आणि डीव्हीआर तो स्ट्रीम चॅनल म्हणून उचलतो. ऐकायला सोपं वाटतंय, पण डीव्हीआरने रात्री साडेदहाला रेकॉर्डिंग सुरू केलं तर बॉक्सवर तो चॅनल लावणार कोण? आवाज आणि चित्र मागेपुढे होतं का? एन्कोडर दिवसरात्र चालू ठेवायचा असतो का? आणि मुळात एन्कोडरच घ्यायचा की यूएसबीचं कॅप्चर डाँगल पुरेल? ज्यांनी खरंच चालवलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज, व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय, सगळे खोका उघडून दाखवतात आणि पुढचं काहीच सांगत नाहीत.

ट्यूनर_आणि_तारा

चालवतोय, रोज वापरात आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी एक सांगतो, एन्कोडर हा शेवटचा उपाय धरा. जो चॅनल अँटेनावर मिळतो तो ट्यूनरवरूनच घ्या, कारण तिथे प्रसारणाचा मूळ स्ट्रीम जसाच्या तसा फाइलीत उतरतो, पुन्हा एन्कोड होत नाही. काही चॅनलवाले स्वतःच फुकट उघडा एचएलएस स्ट्रीम देतात, म्हणजे इंटरनेटवरून येणारा प्रवाह, तो सरळ एम३यू यादीत, म्हणजे चॅनलचे पत्ते लिहिलेल्या साध्या फाइलीत टाकता येतो, मधे बॉक्स नको की वायर नको. एवढं करून जे चॅनल उरतात त्यांच्यासाठीच हा खटाटोप करायचा.

साखळी अशी: बॉक्स, त्यातून एचडीएमआय केबल एन्कोडरमध्ये, एन्कोडरमधून लॅन केबल राउटरला. एन्कोडर आतल्या चिपवर चित्र एच.२६४ मध्ये आणि आवाज एएसीमध्ये दाबतो आणि एमपेग-टीएस म्हणून एचटीटीपी किंवा यूडीपीवर सोडतो. लिंकपाय, यूरे वगैरे नावाने जे छोटे खोके मिळतात ते हेच करतात, एका इनपुटचेही आहेत, चार-पाच इनपुटचेही आहेत. डीव्हीआरला एक एम३यू फाइल द्यायची, त्यात प्रत्येक चॅनलची एक नोंद, आणि गाइडसाठी एक्सएमएलटीव्ही, म्हणजे कार्यक्रमांच्या वेळापत्रकाची फाइल. चॅनल्स डीव्हीआर, जेलीफिन, एम्बी, टीव्हीहेडएंड या डीव्हीआर प्रोग्रामांना एम३यू थेट चालते. प्लेक्सला थेट चालत नाही, त्याला एचडीहोमरनसारखा ट्यूनरच लागतो, म्हणून मधे थ्रेडफिनसारखं काहीतरी ठेवावं लागतं जे एम३यूला ट्यूनरचं सोंग देतं.

आता खरी मेख. एन्कोडर आंधळा असतो. समोर जे येईल ते तो इमानदारीत दाबून पुढे ढकलतो. अँटेनाचा सिग्नल गेला तर ट्यूनर एरर देतो, डीव्हीआरला कळतं की रेकॉर्डिंग फसलं. इथे तसं नाही, बॉक्स होम स्क्रीनवर बसून राहिला तरी एन्कोडरच्या दृष्टीने तो उत्तम १०८०पी सिग्नल आहे, डीव्हीआर दोन तास होम स्क्रीन रेकॉर्ड करतो आणि यादीत हिरवी टिक लावतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कुठला एन्कोडर घ्यायचा यावर जेवढा वेळ घालवाल त्याच्या दुप्पट वेळ बॉक्सच्या कंट्रोलवर घाला. हा सगळा प्रकार तिथेच तरतो नाहीतर बुडतो.

चॅनल लावणार कोण, तर मधला एक प्रोग्राम. अँड्रॉइड बॉक्ससाठी एडीबीट्यूनर आणि एएच४सी हे दोन जास्त चालतात, दोन्ही डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) बसतात. एम३यूमध्ये एन्कोडरचा पत्ता न देता या प्रोग्रामचा पत्ता द्यायचा. डीव्हीआरने चॅनल मागितला की हा प्रोग्राम नेटवर्कवरून एडीबीने (अँड्रॉइडला दुरून हुकूम द्यायची सोय) बॉक्सला जागा करतो, अ‍ॅपला त्या चॅनलची डीप लिंक (थेट त्याच चॅनलवर नेणारा पत्ता) देतो, चित्र सुरू झालं की एन्कोडरचा स्ट्रीम डीव्हीआरच्या हातात देतो आणि रेकॉर्डिंग संपलं की अ‍ॅप बंद करून बॉक्सला झोपवतो. एएच४सीमध्ये या प्रत्येक टप्प्याची वेगळी स्क्रिप्ट असते, आधीची, लावायची आणि थांबवायची, त्यामुळे आपल्या अ‍ॅपच्या लहरीप्रमाणे बदल करता येतात.

डीप लिंक मिळत असेल तर डोळे झाकून तीच वापरा. रिमोटची बटणं दाबल्यासारखं करून, म्हणजे होम, मग खाली, खाली, उजवीकडे, ओके, असं करूनही चॅनल लागतो पण अ‍ॅपवाल्यांनी मेन्यूत एक ओळ वाढवली की सगळं घसरतं. बॉक्स जागा होऊन चित्र यायला थोडा वेळ जातोच, म्हणून डीव्हीआरमध्ये रेकॉर्डिंग एक-दोन मिनिटं आधी सुरू करायचं पॅडिंग ठेवा.

एन्कोडर आमच्याकडे कायम चालूच असतो, बॉक्स मात्र काम नसेल तेव्हा झोपलेला बरा. दोन्ही एकमेकांवर रचून ठेवू नका, हवा लागू द्या, बहुतेक छोट्या एन्कोडरना पंखा नसतो आणि लोखंडी खोकाच उष्णता बाहेर टाकतो.

संध्याछाया_२

वर लिहिलंय ते सगळं बरोबर. डाँगलचं मी सांगते. यूएसबी कॅप्चर डाँगलने होतं, नाही असं नाही, पण मग एन्कोडिंग तुमच्या पीसीला करावं लागतं. स्वस्तातले बरेचसे एमएस२१०९ या चिपवर असतात, ती यूएसबी २.० वर चालते त्यामुळे १०८०पी ला एमजेपेगमध्ये (प्रत्येक फ्रेम वेगळा फोटो म्हणून दाबणं) सेकंदाला ३० फ्रेमच देते, म्हणजे सामना बघताना चेंडू उड्या मारत जातो. आवाजाचीही गंमत आहे, लिनक्सला त्यातल्या बऱ्याच डाँगलचा आवाज ९६ किलोहर्ट्झ मोनो असा दिसतो आणि प्रत्यक्षात तो ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ असतो, ते एफएफएमपेगला (व्हिडिओ-आवाज हाताळणारा फुकट प्रोग्राम) नीट समजावून सांगावं लागतं. करून बघायला ठीक. रोजच्या वापराला स्वतंत्र एन्कोडरच घ्या, पीसी रीस्टार्ट झाला, अपडेट आलं, तरी तो आपला चालू राहतो.

जुनी_कॅसेट

हा धागा बघून बरं वाटलं, ही कला अजून जिवंत आहे तर.

नव्या मंडळींना सांगतो, दुसऱ्याच्या बॉक्सवर डीव्हीआरने चॅनल बदलणं यात नवीन काही नाही. १९९९ साली टिव्हो आला तेव्हा तो हेच करायचा, एका वायरच्या टोकाला छोटा इन्फ्रारेड दिवा असायचा तो केबल बॉक्सच्या डोळ्यासमोर चिकटवायचा आणि टिव्हो रिमोटसारखे आकडे मारायचा. पुढे २००८ मध्ये हॉपॉगचा एचडी पीव्हीआर आला, कंपोनंट केबलमधून १०८०आय पर्यंतचं चित्र घ्यायचा आणि एच.२६४ करून यूएसबीवर द्यायचा, मिथटीव्ही या लिनक्सवरच्या डीव्हीआर प्रोग्रामवाल्यांची त्यावर उडी पडली होती. चॅनल बदलायला तेव्हाही वेगळी स्क्रिप्ट आणि इन्फ्रारेडच.

आणि दुखणंही हेच होतं. १०५ लावायला सांगितलं की मधलं शून्य बॉक्सला दिसायचंच नाही आणि १५ लागायचा. रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ, फक्त भलत्याच चॅनलचं! त्यावर लोकांनी उपाय काढला की दोन आकड्यांमधलं अंतर वाढवायचं आणि शेवटी ओके मारायचा. ट्यूनर_आणि_तारा म्हणतात ते म्हणूनच मला शंभर टक्के पटतं, कंट्रोल एकतर्फी असला की भरवसा नाही. इन्फ्रारेडमध्ये बॉक्स उलट काही बोलूच शकत नव्हता. आता एडीबीने विचारता येतं की बाबा रे सध्या काय चालू आहे, हा फार मोठा फरक आहे, तो वापरा.

अँड्रॉइड नसेल तरी वाट आहे. रोकूला नेटवर्कवरून ८०६० पोर्टवर साध्या एचटीटीपीने हुकूम देता येतात, सेटिंगमध्ये मोबाइल अ‍ॅपच्या कंट्रोलला परवानगी द्यावी लागते तेवढी. अ‍ॅपल टीव्हीसाठी पायएटीव्ही नावाची पायथन लायब्ररी आहे.

निळा_दिवा

वा, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार सगळ्यांचे.

एक इनपुटचा एन्कोडर आणि एक अँड्रॉइड बॉक्स जोडला. बॉक्सचा होम स्क्रीन व्हीएलसीमध्ये लगेच दिसला, लॅनवर स्ट्रीम येतोय हे बघून फार आनंद झाला. एका अ‍ॅपचा चॅनल व्यवस्थित चालला. पण दुसऱ्या अ‍ॅपमध्ये मेन्यू दिसतो, आवाज येतो आणि चॅनल लावला की चित्राच्या जागी ठार काळं. केबल बदलून पाहिली, तेच. एन्कोडर खराब आहे का?

संध्याछाया_२

एन्कोडर बरा आहे, हे एचडीसीपी, म्हणजे एचडीएमआयवरचं कॉपी-संरक्षण आहे. बॉक्स एचडीएमआयवरून पलीकडच्या उपकरणाला विचारतो की तुझ्याकडे किल्ली आहे का, टीव्हीकडे असते, एन्कोडरकडे त्या परवान्याची किल्ली नसते. मग अ‍ॅपच्या नियमावर अवलंबून. काही अ‍ॅप सरळ चालतात, काही चित्राचा दर्जा खाली आणतात, काही काळं दाखवतात. मेन्यू दिसतो कारण तो संरक्षित नसतो, फक्त व्हिडिओचा थर संरक्षित असतो. त्यामुळे मेन्यू दिसतोय आणि चित्र काळं, असं असेल तर केबलच्या मागे लागायचं नाही.

व्यवस्थापक

इथे एक विनंती. एचडीसीपी काढून टाकणारे स्प्लिटर वगैरे चर्चा या विभागात नको. अनेक देशांत संरक्षण तोडण्यालाच कायद्याने बंदी आहे, मग वर्गणी भरलेली असो वा नसो. आपल्या अ‍ॅपच्या अटी आणि आपल्याकडचा कायदा ज्याने त्याने बघावा. रेकॉर्डिंग घरात बघण्यापुरतं, ते बाहेर वाटण्याबद्दलही इथे काही लिहू नये. बाकी धागा उत्तम चाललाय, चालू द्या.

ट्यूनर_आणि_तारा

सहमत. जो चॅनल काळा येतो तो या वाटेचा नाही असं समजून सोडून द्यायचा आणि त्या अ‍ॅपचं स्वतःचं रेकॉर्डिंग असेल तर ते वापरायचं. म्हणूनच कोणी मला विचारलं तर मी सांगतो, आधी परत करता येईल असा एक इनपुटचाच एन्कोडर घ्या, आपल्याला हवे ते चॅनल एकेक करून लावून बघा, आणि मगच चार इनपुटवाल्याचा विचार करा.

बिटरेट_वेडी

सेटिंगचं कोणी बोललंच नाही अजून, तो माझा प्रांत!

सगळ्यात आधी बॉक्सची सेटिंग, एन्कोडरची नंतर. बॉक्सला १०८०पी वर पक्कं बसवा, ऑटो नको. फोर-के बंद, एचडीआर बंद. एन्कोडर साधं ८ बिट एसडीआर धरून चालतो, त्यात एचडीआर घुसलं की रंग धुतलेल्या कापडासारखे फिके येतात आणि नंतर कितीही काही केलं तरी ते नीट होत नाहीत. फ्रेमरेट जुळवण्याचा जो पर्याय असतो तोही बंदच ठेवा. टीव्हीला तो चांगला, इथे मात्र कार्यक्रमातून जाहिरात आली की बॉक्स एचडीएमआयचा मोड बदलतो, क्षणभर सिग्नल जातो, एन्कोडर अडखळतो आणि डीव्हीआरची फाइल तिथे तुटू शकते. तुमच्याकडचं प्रसारण ५० फ्रेमचं असेल तर बॉक्स ५० वर ठेवा, ५९.९४ चं असेल तर त्यावर, उगाच ६० हा आकडा दिसला म्हणून तो निवडू नका, नाहीतर कॅमेरा आडवा फिरला की चित्र बारीक बारीक हिसके देतं. एचडीएमआय सीईसी (टीव्ही आणि बॉक्सने एकमेकांना चालू-बंद करायची सोय) पण बंद, पलीकडे टीव्ही नाहीये, नको त्या वेळी झोपायचे नि उठायचे निरोप कशाला.

आवाज. बॉक्समध्ये डॉल्बी पासथ्रू ठेवला तर बऱ्याच एन्कोडरमध्ये एकतर शुकशुकाट नाहीतर खरखर. स्टिरिओ पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा आवाज करून टाका. एन्कोडरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, एएसी. आवाज चित्राच्या पुढेमागे असेल आणि तो फरक सगळ्या चॅनलवर सारखाच असेल तर एन्कोडरमध्ये मिलिसेकंदांत ऑफसेट देता येत असेल तर तिथे द्या. पण फरक वाढत वाढत जात असेल, म्हणजे सुरुवातीला बरोबर आणि तासाभराने ओठ एकीकडे शब्द दुसरीकडे, तर ऑफसेटने काही होणार नाही, सॅम्पल रेट नाहीतर फ्रेमरेट कुठेतरी जुळत नाहीये, तिथे बघा.

आता बिटरेट. लोक म्हणतात अ‍ॅपचा स्ट्रीमच ५-६ एमबीपीएसचा येतो तर एन्कोडरलाही ५ पुरे. नाही पुरत. अ‍ॅपने एकदा दाबलेलं चित्र बॉक्सने उघडलं, त्यातले पहिल्या दाबण्याचे चौकोनी डाग आता एन्कोडरला चित्राचाच भाग वाटतात आणि तो ते डागही जपायला बिट खर्च करतो. म्हणून मूळ स्ट्रीमपेक्षा जास्तच द्यावे लागतात. मी साध्या कार्यक्रमाला ८ आणि सामन्यांना १० ते १२ ठेवते. ८ एमबीपीएस म्हणजे तासाला ३.६ जीबी, हिशोब सोपा आहे, ८ ला ३६०० सेकंदांनी गुणा आणि आठाने भागा, एवढे मेगाबाइट. १२ ला तासाला ५.४ जीबी होतात. त्याप्रमाणे डिस्क बघा. काही एन्कोडर एच.२६५ पण देतात, जागा वाचते, पण घरातला एखादा जुना टीव्ही किंवा ब्राउझर ते उघडू शकला नाही की सर्व्हरला बसून ट्रान्सकोड (दुसऱ्या फॉरमॅटमध्ये पुन्हा एन्कोड) करावं लागतं, मग जी जागा वाचली ती सीपीयूने खाल्ली. मी तरी एच.२६४ वरच आहे.

कीफ्रेमचं अंतर, ज्याला एन्कोडरमध्ये जीओपी लिहिलेलं असतं, ते एक-दोन सेकंदांचं ठेवा. ५० फ्रेमला जीओपी ५० म्हणजे सेकंदाला एक कीफ्रेम. हे कशाला तर डीव्हीआर स्ट्रीमला मधेच येऊन जोडला जातो, पुढची कीफ्रेम येईपर्यंत त्याला चित्र दाखवता येत नाही, चॅनल लागायला उशीर होतो. पुढे मागे उडी मारतानाही कीफ्रेमच लागते, जाहिराती कापायच्या तर त्यासाठी पण. डिफॉल्ट मोठं असतं काही खोक्यांत, ते एकदा बघाच.

नेटवर्कबद्दल एकच. एन्कोडर आणि सर्व्हर दोन्ही केबलवर ठेवा. यूडीपी मल्टिकास्ट निवडला आणि स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (मागणाऱ्या पोर्टलाच प्रवाह पाठवायची सोय) नसेल तर तो ८ एमबीपीएसचा प्रवाह घरातल्या प्रत्येक पोर्टवर ओतला जातो आणि वायफाय रडायला लागतं. एकच डीव्हीआर ऐकणार असेल तर एचटीटीपी बरं, भानगड नाही.

निळा_दिवा

बिटरेट_वेडी, तुमचा प्रतिसाद छापून लावला पाहिजे. एचडीआर आणि फ्रेमरेटचं बंद केल्यावर चित्रच बदललं, रंग बरोबर आले.

एडीबीट्यूनर बसवला. डेव्हलपर ऑप्शन चालू केले (बिल्ड नंबरवर सात वेळा ओके), बॉक्सवर परवानगीची चौकट आली तिथे नेहमीसाठी परवानगी द्या हे निवडलं, राउटरमध्ये बॉक्सचा आयपी पक्का केला. डीव्हीआरमधून चॅनल दाबला आणि पलीकडच्या खोलीतला बॉक्स आपोआप जागा होऊन चॅनल लागला, आई म्हणाली हे बरंय.

पण काल रात्रीचं रेकॉर्डिंग उघडलं तर पहिली चाळीसेक मिनिटं कार्यक्रम आणि मग पडद्यावर एक चौकट, तुम्ही अजून बघताय का, होय किंवा नाही, आणि पुढे शेवटपर्यंत तेवढंच. कार्यक्रमाचा शेवट गेला. डीव्हीआरमध्ये हिरवी टिक. हीच ती मेख असणार.

ट्यूनर_आणि_तारा

हीच. दुपारपासून बॉक्सवर तेच अ‍ॅप चालू असेल तर अ‍ॅपचं घड्याळ तेव्हापासून मोजतं, रेकॉर्डिंगपासून नाही. त्यामुळे रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या वेळी अ‍ॅप आधी फोर्स-स्टॉप करायचं आणि मग डीप लिंक द्यायची, म्हणजे मोजणी शून्यापासून. हे पहिलं. अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ती चौकट बंद करायची सोय असेल तर तीही करा. बॉक्सचा स्क्रीनसेव्हर बंद, आपोआप झोपायची वेळ बंद, डेव्हलपर ऑप्शनमधलं स्टे अवेक चालू. अ‍ॅपचे आणि बॉक्सचे अपडेट आपोआप होऊ देऊ नका, दिवसा समोर बसून करा आणि लगेच एक चॅनल लावून बघा.

लांब सामना असेल तर रेकॉर्डिंग चालू असताना मधूनमधून निरुपद्रवी बटण पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लावता येते. कुठलं बटण ते अ‍ॅपवर आहे. काही अ‍ॅपमध्ये बाणाच्या बटणाने खाली पट्टी उमटते आणि ती रेकॉर्डिंगमध्ये दिसते, म्हणून आधी करून बघून ठरवा.

दुसरं म्हणजे तपासणी, आणि इथे जुनी_कॅसेट म्हणतात तो फरक कामाला येतो. एडीबी शेलमध्ये डंपसिस मीडिया_सेशन विचारलं की सध्याच्या प्लेअरची स्थिती कळते. ३ म्हणजे चालू आहे, २ म्हणजे थांबलंय, ६ म्हणजे बफर होतंय. रेकॉर्डिंग चालू असताना मिनिटामिनिटाला हे विचारायचं आणि सलग काही वेळा ३ आलं नाही तर अ‍ॅप पुन्हा सुरू करून चॅनल पुन्हा लावायचा. एखादं मिनिट जाईल पण उरलेला कार्यक्रम हाती लागेल. सगळी अ‍ॅप ही स्थिती खरी सांगत नाहीत, आपलं सांगतं का ते आधी हाताने पॉज करून बघा, आकडा बदलला पाहिजे.

जे अ‍ॅप सांगत नाही त्याच्यासाठी चित्रावरून ओळखायचं. एफएफएमपेगमध्ये फ्रीझडिटेक्ट, ब्लॅकडिटेक्ट आणि सायलेन्सडिटेक्ट असे तीन फिल्टर आहेत. एन्कोडरचा स्ट्रीम दुसऱ्या बाजूने त्यांच्यातून सोडायचा, बहुतेक एन्कोडर कमी रिझोल्यूशनचा एक सबस्ट्रीम पण देतात, तो घेतला म्हणजे पीसीवर भार येत नाही. चित्र अर्धा मिनिट गोठलंय आणि आवाजही नाही, असं दोन्ही एकदम झालं तर काहीतरी बिघडलंय हे नक्की. नुसत्या गोठण्यावर जाऊ नका, बातम्यांत एखादा फोटो बराच वेळ पडद्यावर असतो आणि निवेदक बोलत असतो. तुमच्या कालच्या चौकटीत चित्र स्थिर आणि आवाज बंद, दोन्ही होतं, म्हणजे ती पकडली गेली असती.

मी यावर फोनवर निरोप येईल असं करून ठेवलंय. घरात कोणी असेल तर रिमोट उचलून होय दाबलं की काम झालं.

पाऊसपाणी९

सगळं वाचलं, भारी माहिती. पण खरं विचारू का, एवढं करण्यापेक्षा अ‍ॅपमध्येच क्लाउड रेकॉर्डिंग असतं ते काय वाईट? वायर नाही, स्क्रिप्ट नाही, निरोप नाही. माझ्याकडे तेच आहे, आणि सुखी आहे.

बिटरेट_वेडी

ज्या चॅनलला आहे आणि तुम्हाला पुरतंय तिथे तेच घ्या, यात वाद नाही. पण त्यात काही ठिकाणी ठराविक महिन्यांनी रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, काही ठिकाणी जाहिराती ओलांडू देत नाहीत, आणि वर्गणी थांबवली की सगळा साठा गेला. शिवाय धागाकर्त्याला आईसाठी सगळं एका यादीत हवंय, ते क्लाउडमध्ये होत नाही, प्रत्येक अ‍ॅपचं कपाट वेगळं. मला विचाराल तर ही एक यादी मिळणं हेच या सगळ्या कष्टांचं मोल आहे. घरातल्या ज्येष्ठ माणसाला अ‍ॅपचं नाव लक्षात ठेवावं लागत नाही, फक्त कार्यक्रमाचं नाव माहीत असलं की झालं.

निळा_दिवा

अगदी हेच. पाऊसपाणी, तुमचं म्हणणं चूक नाही, एका चॅनलसाठी मीही क्लाउडच ठेवलंय, तो काळा येणारा.

फोर्स-स्टॉप टाकलं, मीडिया_सेशन आमच्या अ‍ॅपमध्ये बरोबर सांगतंय, पॉज केलं की ३ चा २ होतो. मिनिटाला तपासणी लावली. चौकट मुद्दाम येऊ दिली दुपारी, स्क्रिप्टने ओळखलं, चॅनल पुन्हा लागला, मधे थोडा वेळ होम स्क्रीन दिसतो तेवढाच.

आता शेवटची शंका. काल नऊला एका चॅनलवर आणि साडेनऊला दुसऱ्या चॅनलवर असे दोन कार्यक्रम लागोपाठ होते, दोन्ही याच बॉक्सवरचे. पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यात गोंधळ झाला, पहिल्याची शेवटची दोन मिनिटं दुसऱ्याच चॅनलची आली.

ट्यूनर_आणि_तारा

पॅडिंगची टक्कर. एक बॉक्स म्हणजे एक ट्यूनर, पण डीव्हीआरला हे माहीत नसतं, एम३यूमधल्या पत्त्यांवर तो कितीही रेकॉर्डिंग एकदम सुरू करू बघतो. त्याला सांगावं लागतं. चॅनल्स डीव्हीआरमध्ये त्या सोर्सला स्ट्रीम लिमिट असतं, जेलीफिनमध्ये ट्यूनरच्या पानावर एका वेळी किती स्ट्रीम चालतील तो आकडा, टीव्हीहेडएंडमध्ये नेटवर्कला कमाल इनपुट स्ट्रीम. तिथे १ टाका. मग तो दुसरं रेकॉर्डिंग पहिलं संपल्यावर सुरू करेल किंवा सरळ टक्कर आहे म्हणून आधीच दाखवेल. दोन्ही परवडतं, भलतंच रेकॉर्ड झालेलं नाही परवडत.

आणि एम३यू सोर्स वेगवेगळे करा. अँटेनाचा ट्यूनर एक, उघड्या स्ट्रीमची यादी दुसरी, एन्कोडरची तिसरी. एकच चॅनल दोन ठिकाणी मिळत असेल तर एन्कोडरवाल्याला सगळ्यात खालचा प्राधान्यक्रम द्या, म्हणजे डीव्हीआर आधी ट्यूनर वापरेल आणि बॉक्स खरंच लागेल तेव्हाच उठवेल. साडेनऊच्या कार्यक्रमाचं पुनःप्रसारण असेल तर गाइडमधून तेच धरा. रोजच अशी टक्कर होत असेल तर दुसरा बॉक्स आणि दुसरं इनपुट याला पर्याय नाही, फक्त घेताना पहिला आहे तोच मॉडेल घ्या, तीच स्क्रिप्ट दोघांना चालते.

निळा_दिवा

लिमिट १ केलं, टक्कर लगेच यादीत पिवळी दाखवली, आणि साडेनऊच्याचं रात्री उशिराचं पुनःप्रसारण डीव्हीआरने स्वतःच उचललं. दुसरा बॉक्स सध्या तरी नको. स्क्रिप्ट जरा साफसूफ करून इथेच टाकतो, कोणाला लागली तर घ्या.